‘जाऊ दे’ म्हणजे निकाल नव्हे

घरात मुलांचं खेळावरून भांडण झालं की आपण मोठी माणसं ठरावीक तीन उपाय करतो. नाणं उडवतो, किंवा ‘तू मोठा ना, मग तू सोड’ म्हणतो, किंवा ‘तू लहान ना, मग तू ऐक’ म्हणतो. चौथा उपाय म्हणजे नियमात काय लिहिलंय ते उघडून बघणं. तो सहसा कुणाला सुचत नाही, आणि सुचलाच तर ‘खेळच तर आहे, एवढं काय!’ म्हणून हसण्यावारी जातो. या ‘एवढं काय’शी मला आज भांडायचं आहे. घरच्या मंडळींपैकी काहींना हा लेख आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटेल. वाटू दे. आहेच तो.

झालं असं. सुट्टीत न्यू जर्सीची नातवंडं आली होती, इथलीही होती. सोळा वर्षांचा नातू आणि बारा वर्षांची नात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळत होती. हे आपले रमी-बदामसातचे बावन्न पत्ते नव्हेत. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तयार केलेला हा खेळ अमेरिकेत १९९३ साली बाजारात आला. आजवर त्याची पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. त्यातली निवडून प्रत्येकाने आपला गठ्ठा घरून बांधून आणायचा. प्रत्येक कार्डावर ते काय करतं ते छापलेलं असतं. आता पंचवीस हजार कार्डं, आणि त्यातलं कुठलंही कुठल्याहीसमोर येऊ शकतं. दोन कार्डांची वाक्यं एकमेकांना छेद देणारी निघाली, तर खरं कुणाचं मानायचं? या खेळाची सगळी गंमत आणि सगळी भांडणं या एका प्रश्नात आहेत.

नातीने ‘ब्लड मून’ नावाचं कार्ड मांडलं होतं. त्याचा आशय असा की ‘बेसिक’ नसलेल्या सगळ्या जमिनी (खेळात त्यांना लँड म्हणतात) आता माउंटन, म्हणजे डोंगर आहेत. मग नातवाने ‘अर्बोर्ग’ ही लँड मांडली. तिचं म्हणणं असं की प्रत्येक लँड, आहे त्या प्रकारासोबत, स्वॅम्प म्हणजे दलदलही आहे. नातू म्हणाला, माझं कार्ड नंतर आलं, म्हणून माझं चालणार. नात म्हणाली, तुझी अर्बोर्ग स्वतःच बेसिक नाही, म्हणजे तीही नुसता डोंगर झाली, तिचं वाक्यच पुसलं गेलं. झाली वादावादी. एका काकांनी निकाल दिला, ‘जाऊ दे गं, तो मोठा आहे, त्याला जास्त माहीत आहे.’

बरोबर नात होती. तिचा आवाज लहान होता आणि म्हणणं खरं होतं. आपल्या घरांत अशा वेळी काय टिकतं ते मी वेगळं सांगायला नको. आणि ‘जाऊ दे गं’मधला तो ‘गं’ही नीट ऐका. पंचाहत्तरीकडे आलेल्या बाईने तो आयुष्यात किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब करा.

आता ती बरोबर का, ते सांगते. कंटाळू नका, शाळेतल्या गणितापेक्षा अवघड नाही. या खेळाची नियमावली दोनशेहून अधिक पानांची आहे आणि नेटवर फुकट वाचायला मिळते. तिच्यातला ६१३ क्रमांकाचा नियम सांगतो की एकाच वेळी लागू असलेले बदल सात थरांत लावायचे. आधी ‘हे कशाची नक्कल आहे’, मग ‘ताबा कुणाचा’, मग ‘मजकूर बदलला का’, मग ‘प्रकार कोणता’, मग ‘रंग’, मग ‘अंगचे गुण’, आणि सगळ्यात शेवटी ‘ताकद किती’. एकाच थरात दोन बदल आले तर साधारणपणे आधी आलेला आधी, नंतरचा नंतर. पण याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एक बदल लावल्याने दुसऱ्याचं अस्तित्वच संपत असेल, तर दुसरा पहिल्यावर अवलंबून आहे असं धरून पहिला आधी लावायचा, मग टेबलावर कोण कधी का आलेलं असेना. ब्लड मून आणि अर्बोर्ग दोन्ही प्रकार बदलतात, म्हणजे दोन्ही चौथ्या थरात. ब्लड मून लावलं की अर्बोर्गचं वाक्य नाहीसं होतं, म्हणून ब्लड मून आधी. अर्बोर्ग झाली निव्वळ डोंगर. निकाल लागला. त्यात वय आलं नाही, आवाज आला नाही, नाणंही आलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘एवढे किचकट नियम कशाला? तारतम्य वापरावं.’ मंडळी, चाळीत क्रिकेट खेळलेल्यांना तारतम्य म्हणजे काय ते माहीत आहे. ज्याची बॅट, त्याचं तारतम्य. तो आउट झाला की चेंडू ‘ट्रायल बॉल’ ठरतो. तारतम्य वाईट नाही, पण ते दोन्ही बाजूंना सारखंच सुचायला हवं ना! नातवाचं ‘नंतर आलेलं जिंकतं’ हेही तारतम्यच होतं, आणि ऐकायला अगदी सरळ वाटणारं होतं. नियम किचकट असतात ते सरळ वाटणारी दोन उत्तरं एकमेकांच्या आड येतात म्हणूनच.

आणि सगळंच काही किचकट नाही. रोजच्या खेळाला दोन-तीन गोष्टी पुरतात. कार्ड आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आला तर कार्ड खरं. एक कार्ड ‘करता येईल’ म्हणतं आणि दुसरं ‘करता येणार नाही’ म्हणतं, तर ‘नाही’ खरं. या दोन्ही गोष्टी नियमावलीत अगदी सुरुवातीलाच, १०१ क्रमांकाखाली आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे ‘स्टॅक’, हा १९९९च्या सहाव्या आवृत्तीबरोबर आला. ताटांच्या चळतीसारखा प्रकार. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. समजा तुमच्याकडे २/२ ताकदीचं अस्वल आहे. मी त्यावर तीन घावांची वीज टाकली आणि तिला उत्तर म्हणून तुम्ही अस्वलाला +३/+३ वाढ दिली. वाढ शेवटी आली, म्हणून ती आधी घडते. अस्वल ५/५ होतं आणि विजेतून वाचतं. आता उलट करा. तुम्ही आधी वाढ द्यायला निघालात आणि तिला उत्तर म्हणून मी वीज टाकली, तर वीज आधी घडते, अस्वल मरतं आणि तुमची वाढ वाया जाते. कार्डं तीच, क्रम बदलला, निकाल बदलला. घाई करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला धडा मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा दिसतो: ‘शब्दांचा कीस कशाला? कार्ड करणाऱ्याचा हेतू बघा.’ हेतू बघू या. ब्लड मून १९९४चं, अर्बोर्ग २००७ची. १९९४ साली ब्लड मून लिहिणाऱ्याच्या मनात तेरा वर्षांनी येणाऱ्या कार्डाबद्दल काय हेतू असणार? हेतूच्या नावाखाली आपण शेवटी आपल्याला सोयीचं तेच दुसऱ्याच्या तोंडी घालतो. घरातली जुनी मृत्युपत्रं आणि त्यांवरून झालेले तंटे ज्यांनी पाहिलेत, त्यांना याहून अधिक सांगायची गरज नाही.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९७चं ‘ह्युमिलिटी’ आणि १९९९चं ‘ओपलेसन्स’. ह्युमिलिटी म्हणतं, सगळ्या प्राण्यांचे गुण गेले आणि सगळे १/१ झाले. ओपलेसन्स त्याच्यासारख्या इतर जादूंनाच प्राणी बनवतं, जेवढी किंमत तेवढी ताकद. म्हणजे चार किमतीचं ह्युमिलिटी स्वतःच प्राणी झालं. आता ते स्वतःचेही गुण काढून घेतं. मग गुण काढून घेण्याचा गुण उरला का? नाही उरला, तर गुण काढले कुणी? ‘मी खोटं बोलतो’ म्हणणाऱ्या माणसासारखाच घोळ. तारतम्य इथे हात टेकतं. थर मात्र टेकत नाहीत. चौथ्या थरात ह्युमिलिटी प्राणी होतं. सहाव्यात ते सगळ्या प्राण्यांचे, स्वतःसकट, गुण काढतं. आणि नियम सांगतो की एखादा परिणाम एका थरात सुरू झाला की पुढच्या थरांतही तो पूर्ण व्हायचाच, मग त्याचं मूळ वाटेत नाहीसं झालं तरी. म्हणून सातव्या थरात बाकीचे प्राणी १/१ होतात. खुद्द ह्युमिलिटीचं काय, ते कोण आधी आलं यावर. ओपलेसन्स नंतर आलं असेल तर ह्युमिलिटी ४/४, ह्युमिलिटी नंतरचं असेल तर १/१. हे उत्तर विचित्र आहे, पण ते कुणाच्याही सोयीसाठी बनवलेलं नाही. मला त्यातलं हेच आवडतं.

आपल्याकडच्या मंडळींना हे परकं वाटायचं कारण नाही. पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रं याच पेचातून जातात. सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान, आणि सारख्या बळाची दोन सूत्रं भिडली तर परंपरेच्या अर्थाप्रमाणे क्रमाने नंतरचं खरं. शेवटच्या तीन पादांत झालेलं काम आधीच्या सूत्रांना दिसतच नाही, म्हणजे तिथेही थरच. या वादाचा अर्थ कसा लावायचा यावर २०२२ साली केंब्रिजच्या एका प्रबंधाने पुन्हा चर्चा पेटवली. अडीच हजार वर्षांच्या आसपास आपण ज्यावर वाद घालतोय, तीच गोष्ट बारा वर्षांची पोर टेबलावर करत असेल, तर तिला ‘जाऊ दे’ म्हणायचं?

मराठीच्या तासाचंच घ्या. ‘कवी’ दीर्घ, ‘कविराज’ ऱ्हस्व, आणि ‘आणि’ पुन्हा ऱ्हस्व. मूल विचारतं, का? ‘असंच असतं’ हे उत्तर देणारा मास्तर मुलाला शुद्धलेखन शिकवत नाही, मुकाट्याने ऐकायला शिकवतो. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ हा सामान्य नियम, समासात आधी आलेला तत्सम शब्द मूळचा ऱ्हस्व राखतो हा दुसरा नियम, ‘आणि’ हा अपवाद. तीन वाक्यं, पण ती सांगितली की मूल चौथा शब्द स्वतः लिहून बघतं.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे: ‘वाचत कशाला बसायचं? पंचाला विचारा, नाहीतर फोनला विचारा.’ पंच मला मान्य आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये या खेळाला पंच असतात. त्यांचा निर्णय पटला नाही तर मुख्य पंचाकडे दाद मागता येते आणि त्याचा शब्द शेवटचा. पण तो पंच याच पुस्तकाला बांधलेला असतो, म्हणून त्याच्या शब्दाला मान. फोनचं तसं नाही. हल्ली फोनला काहीही विचारलं तरी तो छातीठोकपणे उत्तर देतो, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच छातीठोकपणे. मुलांना एवढंच शिकवा की उत्तरासोबत नियमाचा क्रमांक मागायचा आणि तो क्रमांक स्वतः उघडून वाचायचा. परीक्षेत नुसत्या उत्तराला आम्ही पूर्ण गुण देत नव्हतो.

या खेळाची सगळी बाजू मी घेत नाही. कार्डांवर पैसा पाण्यासारखा जातो. अधिकृत मजकूर इंग्रजीतला, तोही वकिली थाटाचा, म्हणून नवख्याला धडकी भरते. हे दोष आहेतच. पण नियम अवघड आहेत यावरचा उपाय ते सोपे करून सांगणं हा आहे. ते गुंडाळून ठेवून घरातल्या मोठ्याला न्यायाधीश करणं हा नव्हे.

२०१९ साली तिघा संशोधकांनी दाखवून दिलं की या खेळात कार्डांची अशी मांडणी करता येते, जी संगणकासारखी आकडेमोड करते. म्हणजे काही डावांत शेवटी कोण जिंकणार हे आधीच सांगणारी कुठलीही ठरावीक रीत असूच शकत नाही. पण त्या डावातही पुढची खेळी काय, हे नियम सांगतोच. आणि दोघांनाही थांबवता न येणारं चक्र सुरू झालं तर डाव बरोबरीत, हेही आधीच लिहून ठेवलेलं आहे. बरोबरी झाली तर तीही नियमाने झाली, कुणी दमून सोडून दिलं म्हणून नव्हे.

असो. लेख लांबला. घरच्या मंडळींना एकच विनंती. पुढच्या सुट्टीत पोरं भांडू लागली की मध्ये पडू नका. दोघांनाही आपापलं कार्ड मोठ्याने वाचायला लावा, मग नियम उघडायला लावा, आणि पहिलं बोलायची पाळी लहानाला द्या. चहा गार झाला तरी हरकत नाही, दुसरा करू.