धुराचा हिशेब



"फादर, आत येऊ नगासा, धूर झालाय," असे म्हणत एक माउली खोकत खोकत अंगणात आली. न्हाणीच्या चुलीत ओले जळण धुमसत होते.

हा धूर कौलांतून निघून आभाळात विरतो, असे आपण समजतो. तो विरत नाही, हे जगास दाखविणाऱ्यांत अग्रणी शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन हे आपल्याच देशाचे. १९४४ साली जन्मलेल्या या तरुणाने आरंभी सिकंदराबादेस शीतयंत्रांच्या कारखान्यात नोकरी केली. यंत्रांतून वायू का गळतो, एवढेच त्यांस शोधावयाचे होते. पुढे अमेरिकेत १९७५ साली त्यांनी दाखवून दिले की, तोच वायू पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. १९९९ साली दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर पाहणी केली. तिच्या धुरिणांत ते होते. तेथे सुमारे तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी धुरकट थर आढळला.

ढगातील थेंब सूक्ष्म कणाभोवतीच बांधला जातो. परंतु कण अतोनात झाले, तर तेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाते आणि पाऊस पडावा इतके ते जड होत नाहीत. ज्या कृष्णेस आपल्या वेदगंगेचे पाणी अखेर मिळते, तिच्या उगमस्थानी महाबळेश्वरी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ साली याच अभ्यासासाठी प्रयोगशाळा उघडली.

रामनाथन ख्रिस्ती नव्हेत. तरीही २००४ साली परमगुरुस्वामींच्या विज्ञान अकादमीत त्यांची नेमणूक झाली. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांची भेट होताच त्यांनी थोडक्यात सांगितले की, प्रदूषण मुख्यत्वे श्रीमंतांचे आणि त्याची शिक्षा मात्र गरिबांस. पुढील वर्षी 'लाउदातो सी' हे परिपत्र प्रसिद्ध झाले.

मग आपण गरिबांनी काय करावे? श्रीमंतांचा वायू शतकानुशतके हवेत राहतो. आपल्या चुलीची काजळी काही दिवसांतच खाली बसते. म्हणजे आपला हिशेब लवकर फिटणारा आहे. यंदा उसाचे पाचट पेटवू नका, सरीत पसरा. चुलीवर धुराडे बसवा, जळण वाळवून वापरा. धुरास ना बांध ठाऊक, ना राज्याची सीमा. आणि त्याचा पहिला घास तर आपल्याच घरची आई घेते.

परमेश्वर सर्वांवर सारखाच पाऊस पाडतो. त्याच्या ढगांत आपण काय मिसळतो, याचा जाब मात्र आपणांसच द्यावयाचा आहे.

आपला,
धर्मगुरू