दुकान शेठजींचं, क्यूआर शेठाणीचा



दिवाळी तोंडावर आलीय आणि आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय. घरून पापड, खाखरे, फरसाण विकणाऱ्या बहिणींनी यूपीआय बंद करावं, भिंतीवरचा स्टिकर काढावा, फक्त रोख घ्यावी. नाहीतर इन्कमटॅक्सवाले दारात उभे राहतील. जळगावातून हा निरोप धुळ्याला गेला आणि धुळ्याच्या नणंदेकडून परत माझ्याकडे आला, तोवर त्याला ‘दोन हजारांच्या वर यूपीआयवर जीएसटी’ असं शेपूटही फुटलं होतं. हे शेपूट तर साफ खोटं. अर्थ मंत्रालयाने १८ एप्रिल २०२५ लाच जाहीर केलंय की असा कोणताही प्रस्ताव नाही. उरलेला सल्ला खोटा नाही, पण बायकांच्या तोट्याचा आहे. तो कोणाच्या फायद्याचा आहे, तेही मी आज लिहिणार आहे. कोणाला झोंबलं तर झोंबू दे.

आधी भीती आली कुठून ते बघू. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने पेमेंट कंपन्यांकडून यूपीआयचे आकडे घेतले आणि २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांत ज्यांच्या खात्यात मर्यादेपेक्षा जास्त पैसे आले, त्या छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची मागणी आली, कारण चार वर्षांत त्याच्याकडे १ कोटी ६३ लाख रुपये जमा झालेले दिसले. आता भाजीवर जीएसटी नाही, हे आपल्या फुले मार्केटातल्या पोरालाही माहीत आहे. बंगळुरूच्या दुकानांवर ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या, बंदची हाक दिली गेली. शेवटी २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी व्यापाऱ्यांना बोलावलं आणि जुनी वसुली करणार नाही, पण नोंदणी करा, असं सांगितलं. त्या खात्याची चूक मला स्पष्ट दिसते. जमा झालेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री, असं धरून कागद पाठवायचा आणि मग म्हणायचं, तुम्ही सिद्ध करा. आमच्या वेळी एम.जे. कॉलेजात (तेव्हा ते पुणे विद्यापीठाखाली होतं) पहिल्या वर्षाच्या मुलानेही जमा आणि उत्पन्न यात असा गोंधळ केला असता तर सरांनी वही फेकली असती.

पण भगिनींनो, त्या नोटिसा ४० लाखांच्या पुढच्या होत्या. सेवा असेल तर २० लाख. आपल्यापैकी कोण ४० लाखांचे पापड लाटतं? महाराष्ट्रातही मालासाठी हीच ४० लाखांची मर्यादा आहे. त्यातून पापडावर, मग तो उडदाचा असो, नागलीचा असो की आपली बिनलसणाची बिबडी असो, जीएसटी शून्य आहे. खाखऱ्यावर पाच टक्के होता, तोही २२ सप्टेंबरपासून शून्य झाला. लोणचं आणि पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर आलं. एकच ठिकाणी जपा: लोणचं किंवा चिवडा सुरतला, इंदूरला ऑर्डर घेऊन पाठवत असाल, तर परराज्यात करपात्र माल विकायला नोंदणी लागते, मग विक्री कितीही लहान असो. धुळ्याच्या बहिणींनो, सुरतची गाडी तुमच्या दारावरून जाते म्हणून हे मुद्दाम सांगते. फक्त पापड-खाखरे असतील तर ही अडचण नाही.

आता इन्कमटॅक्स. पेन्सिल घ्या. समजा, वर्षाला सहा लाखांची विक्री आहे. कायदा म्हणतो, लहान व्यवसायाने विक्रीच्या किमान ८ टक्के नफा दाखवावा, पण पैसे बँकेतून किंवा यूपीआयने आले असतील तर ६ टक्के चालतील. म्हणजे रोखीने ४८ हजार, यूपीआयने ३६ हजार. खरा नफा याहून जास्त असतो, तो खरा दाखवा. निम्मा धरला तरी तीन लाख. नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर करच नाही, आणि बारा लाखांच्या उत्पन्नापर्यंत सूट मिळून व्यवसायाच्या कमाईवर कर शून्य होतो. मग आपण लपवतोय काय? आणि कोणापासून?

उलट गंमत बघा. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली, तर बँक स्वतः ते इन्कमटॅक्सला कळवते. नियमच आहे. यूपीआयच्या रोजच्या देवघेवीला त्या नियमात वेगळा रकाना नाही. मागितलं तर खात्याला ते मिळू शकतं, हे खरं. पण ज्या रोखीला आपण पडदा समजतो तीच आधी कळवली जाते. सरकारला आपल्याबद्दल काय माहीत आहे, ते बघायचं असेल तर इन्कमटॅक्सच्या साइटवर स्वतःचं वार्षिक माहिती पत्रक उघडा. एफडीचं व्याज, लाभांश, शेअर, सगळं तिथे मांडलेलं असतं. साठी ओलांडलेल्या आपण बँकेत व्याजावर कर कापू नका असा फॉर्म भरून देतो आणि समजतो विषय संपला. ते व्याज तिथे दिसतच असतं.

मग प्रश्न असा की, सहा लाखांच्या पापडवालीला कर नाही, तर तिला घाबरवतंय कोण?

सुभाष चौकात, गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कोणत्याही चार दुकानांत स्कॅन करून बघा. ३० जूनपासून सगळ्या अ‍ॅपना बँकेत नोंदवलेलं खरं नाव दाखवावं लागतं, त्यामुळे झाकलेलं उघडं पडलंय. पाटी शेठजींच्या नावाची आणि फोनवर नाव येतं शेठाणीचं. कुठे बायकोचं, कुठे आईचं, कुठे ‘अमुकबाई’ नावाच्या सत्तर वर्षांच्या सासूबाईंचं, ज्यांनी स्मार्टफोन हातात धरलेला नाही. एकाच्या नावावर ४० लाख होऊ नयेत म्हणून विक्री घरातल्या बायकांत वाटलेली. हे लोक नोटिशीला घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. पण ते स्वतःची भीती आपल्या गळ्यात घालतात: ‘बायकांनी यूपीआय वापरू नये.’ भाऊ, तुमचा क्यूआर काढा. आमच्या पापडाचा राहू द्या.

आणि नोटीस आलीच तर ती पॅनवरच्या नावाने येते. उद्या अधिकारी विचारेल, ‘बाई, हे २२ लाख कसले?’ तेव्हा ‘ह्यांना विचारा’ हे उत्तर कागदावर चालत नाही. पूर्वी सही कर म्हटलं की आपण सही करायचो, आता ओटीपी सांग म्हटलं की ओटीपी सांगतो. फरक एवढाच की सही करायला निदान पेन तरी हातात घ्यावं लागायचं.

आपण प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार म्हणतो. कूट तोल, कूट माप सगळ्यांना आठवतात. त्याच यादीत ‘विरुद्ध राज्यातिक्रम’ आहे, राज्याच्या नियमाविरुद्ध जाऊन व्यापार करणं. आणि दुसऱ्या व्रतात ‘कूटलेख’, खोटा कागद. दुसऱ्याच्या नावाने क्यूआर लावून विक्री वाटणं हे यातलं कोणतं, ते ज्याने त्याने ठरवावं. पण त्याच दुसऱ्या व्रतात आणखी दोन अतिचार आहेत ते पुरुष मंडळी भरभर म्हणून टाकतात: रहस्याभ्याख्यान आणि स्वदारमंत्रभेद. कुणाचं गुपित फोडू नये, आणि आपल्या बायकोने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढू नये. बाईची गुप्तता ही काही इंग्रजी शिकलेल्यांची नवी कल्पना नाही.

आठवतं ना, ८ नोव्हेंबर २०१६? तुरीच्या डब्यातून, जुन्या पैठणीच्या घडीतून, देवघराच्या कागदाखालून बायकांनी नोटा काढल्या आणि नवऱ्यापुढे ठेवल्या. काही घरांत हसू झालं, काही घरांत बरंच दुसरं काही झालं. तीस वर्षांची शिल्लक एका रात्रीत घराला कळली. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने त्या वेळी २ लाख ११ हजार ५०० रुपये खात्यात भरले, तर अधिकाऱ्याने ते तिचं बेहिशेबी उत्पन्न ठरवलं. ती लढली. जून २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने सांगितलं की गृहिणी घरखर्चातून, नातलगांच्या भेटीतून शिल्लक टाकते हे मान्य करावं लागेल, आणि नोटाबंदीत गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम उत्पन्न धरू नये. डब्यातल्या पैशाला बाजू मांडायला पाच वर्षं लागली, कारण डब्याला पासबुक नसतं.

म्हणून मला रोखीचा मोह नाही. पण यूपीआयच्या गुणगानातही मी नाही. अधिकारी आपलं खातं वर्षातून एकदा बघेल किंवा कधीच बघणार नाही. घरातले रोज बघतात. खातं आपलं आणि मोबाइल नंबर मुलाचा, अशा किती जणी आहेत? धुळ्याला दिलेल्या लेकीला पाच हजार पाठवले की मेसेज मुलाच्या खिशात वाजतो आणि संध्याकाळी ताटावर प्रश्न येतो, ‘मम्मी, ताईला कशाला?’ आधी बँकेत जाऊन नंबर आपला करून घ्या. मुलगा श्रवणकुमार असला तरीही. दुसरं, बऱ्याच जणींचा यूपीआय आयडी म्हणजे चक्क मोबाइल नंबर असतो. दोनशे ग्रॅम मेथी खाखरा घेणाऱ्या अनोळखी माणसालाही तो मिळतो, आणि मग रात्री अकराला ‘हाय’ येतं. अ‍ॅपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी करता येतो.

सरकारलाही मी सोडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा आयकर कायदा मंजूर झाला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यात झडतीच्या वेळी ईमेल, सोशल मीडिया, ऑनलाइन खाती उघडण्याचा, पासवर्ड बाजूला सारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिलाय. तो झडतीपुरता आहे, रोज आपले निरोप वाचण्यासाठी नाही. ग्रुपवर जे फिरतं तेवढं खरं मानू नका. तरीही एका घरात एकाची झडती आली की घरातले सगळेच फोन टेबलावर येतात. सुनेच्या फोनमध्ये तिच्या डॉक्टरचे कागद असतात, माहेरचं बोलणं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क सुनेलाही आहे, हे कायदा लिहिताना कोणाच्या डोक्यात होतं का, मला शंका आहे. आणि नवऱ्याचा धंदा बायकोच्या क्यूआरवर चालत असेल, तर तिचा फोन मागायला अधिकाऱ्याला कारणही आपणच हातात दिलेलं असतं.

राहिली भिशी. बारा जणी, महिन्याला पाच-पाच हजार, सगळे एकीच्या खात्यात. वर्षाला ७ लाख २० हजार तिच्या नावावर जमा, आणि त्यातला तिचा स्वतःचा पैसा फक्त ६० हजार. बंगळुरूसारखा कोणी जमा म्हणजे विक्री धरून बसला तर ती काय दाखवणार? पाठवताना टिपणीच्या जागी ‘भिशी’ आणि महिना लिहा. फुलं आणि बदाम कमी पाठवा. पापडाचं खातं वेगळं, भिशीचं वेगळं. आणि एक साधी वही: तारीख, नाव, रक्कम, कशाबद्दल. यंदा वहीपूजनाला शेठजींच्या वह्यांशेजारी ती ठेवा, कुंकवाचा साथिया काढा, आणि वरच्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहा.