क्रीडागुरूची श्रद्धा

अमेरिकेंतील महाविद्यालयांत क्रीडाशिक्षकाच्या धर्मश्रद्धेचा प्रश्न वारंवार चर्चिला जातो. मैदानावर श्रद्धेस स्थान अवश्य असावें. परंतु तें शिक्षकाच्या आचरणांत असावें, असें आमचें मत आहे.

जेम्स नेस्मिथ यांनीं धर्मशास्त्राचें अध्ययन करून १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें बास्केटबॉलचा खेळ निर्माण केला. ढकलणें, पाडणें व मारणें यांस त्यांच्या मूळ १३ नियमांतच मनाई होती. श्रद्धा नियमांत उतरते ती अशी! पुढें कॅन्सस विद्यापीठांत ते शिक्षक असतां त्यांच्या संघास ५५ विजय व ६० पराजय मिळाले. तरी त्यांची कीर्ति उणावली नाहीं.

परंतु संघांत कोणास घ्यावें, हें शिक्षकाच्याच हातीं असतें. ब्रेमर्टन येथील सरकारी हायस्कुलांत सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका शिक्षकाच्या बाजूनें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं ६ विरुद्ध ३ मतांनीं निर्णय दिला. त्याचा हक्क आम्हांसही मान्य आहे. तथापि, प्रार्थनेंत सामील न झाल्यास खेळावयास कमी मिळेल असें आपल्या मुलास वाटलें, अशी एका पालकाची तक्रार होती. भीतीनें टेकलेल्या गुडघ्यांस प्रार्थना कसें म्हणावें?

हा विचार शाळेस तसाच महाविद्यालयासही लागू आहे. म्हणून पालकहो, शिक्षकाची श्रद्धा पारखावयाची असेल तर पराभवाच्या दिवशीं पारखा. आणि विद्यार्थिमित्रहो, राखीव खेळाडूशीं तो कसा बोलतो, तें पाहा.