रात्री संगणक बंद करावा की नाही?

परवा करामातल्या एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. आम्हाला खाली गाडीपर्यंत पोचवायला निघताना वहिनींनी स्वयंपाकघरातला दिवा मालवला, गीझरचे बटण पाहून आल्या आणि जाता जाता कोपऱ्यातल्या संगणकाकडे वळल्या. तोच स्नेही ओरडले, "अगं, त्याला हात लावू नकोस! बंद केला की बिघडतो तो."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग काय, नंदादीप म्हणून तेवत ठेवायचा?"

आम्ही हसलो खरे, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. वाचकहो, आपल्या घरी याचे उत्तर काय आहे? मी पाहतो तर घरोघरी दोन पक्ष आहेत. एक रोज रात्री बंद करणारा, दुसरा कधीच बंद न करणारा. मी स्वतः कित्येक वर्षे दुसऱ्या पक्षात होतो, म्हणून आधी त्याच पक्षाची बाजू मांडतो.

हा पक्ष अगदीच निराधार नाही. यंत्र चालू असले की तापते, बंद केले की निवते. या ताप-निवण्याने आतले सांधे ताणले जातात. जुन्या संगणकांतली फिरती डिस्क सुरू होताना तिच्यावर सर्वांत जास्त ताण येई. पण तेव्हाही पुष्कळ डिस्का चालू-बंदची ५०,००० आवर्तने सोसतील अशा हिशेबाने बनवलेल्या असत. रोज एकदा बंद केले तरी हा आकडा गाठायला सुमारे १३७ वर्षे लागतील. तोवर संगणक राहणार नाही आणि आपणही नाही! शिवाय आता बहुतेक नव्या संगणकांत फिरणारी डिस्कच नसते.

आता पैशाची बाजू. टेबलावरचा साधा संगणक आणि त्याचा पडदा नुसता बसून साठ वॅट खातो असे धरू. रात्रीचे दहा तास म्हणजे ०.६ युनिट, वर्षाचे सुमारे २१९ युनिट. दुबईत निवासी दराच्या पहिल्या टप्प्यात युनिटला २३ फिल्स पडतात, म्हणजे वर्षाला पन्नासेक दिरहम, इंधन-अधिभार वेगळा. शिवाय ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते आणि ती बाहेर काढायला वातानुकूलन यंत्र वेगळी वीज खाते. तरीही मी खरे सांगतो, पन्नास दिरहमांसाठी कोणी सवय बदलत नाही. एका वेळच्या बाहेरच्या जेवणाला यापेक्षा जास्त लागतात. पैसा हे कारण आहे, पण मोठे कारण नव्हे.

मोठे कारण आपल्या या आखातातच घडून गेलेले आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील दहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ सैनिक ठार झाले. ते अडवायला पेट्रियट यंत्रणा तिथे सज्ज होती. पण तिचा संगणक शंभराहून अधिक तास एकसारखा चालू होता. तो वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांनी मोजी. संगणकाच्या द्विमान अंकपद्धतीत एक-दशांश हा अपूर्णांक पुरता लिहिता येत नाही, शेपूट छाटावे लागते. त्या छाटलेल्या शेपटाची चूक साठत साठत शंभर तासांत सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक पुढे जाते. यंत्रणा आकाशात भलत्याच जागी शोधत राहिली.

याहून वाईट वाटते ते पुढचे. चूक आधीच ध्यानात आली होती. 'फार वेळ एकसारखे चालवू नका' असा इशाराही गेला होता. पण फार वेळ म्हणजे किती, हे त्यात नव्हते. सुधारलेला कार्यक्रम दहरानला पोचला तो २६ फेब्रुवारीला, एक दिवस उशिरा. आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे हे तिथे मिनिट-दीड मिनिटाचे काम होते.

आपल्या घरातला संगणक क्षेपणास्त्रे अडवीत नाही, हे मान्य. पण न थांबता चालणाऱ्या यंत्रात बारीकसारीक चुका साठतात, हा धडा घरालाही लागू आहे. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर करतो, त्याच्या सुरक्षिततेच्या कित्येक दुरुस्त्या पुन्हा सुरू केल्यावाचून लागूच होत नाहीत.

इथे रोज बंद करणाऱ्या पक्षालाही एक चिमटा काढतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून एक सोय आली आहे. 'शट डाउन' म्हटले तरी संगणक आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच उचलतो, म्हणून तो झटकन उठतो. ही सोय चालू असेल तर पुरते ताजे होणे 'रीस्टार्ट'नेच घडते. म्हणजे रोज बंद करूनही साठलेले तसेच राहू शकते!

आता माझी गोष्ट. माझा घरचा संगणक पाच वर्षे रात्रंदिवस चालू होता. शमालच्या दिवसांत त्याचा पंखा खोलीतली धूळ ओढत राही आणि मला त्याचा अभिमान, कारण तो कधी अडला नाही. एका जुलैत इमारतीची वीज दोन तास गेली. वीज आली, संगणक आला नाही. डिस्क केव्हाच झिजली होती. चालू होती म्हणून चालत होती. मुलीचे बरेचसे फोटो चिपळूणला बहिणीकडे निघाले. वडिलांचा आवाज मात्र तेवढ्याच ठिकाणी होता. शेवटच्या सुट्टीत मी त्यांना बोलते करून तासभर मुद्रित केले होते. ते गेले ते गेलेच. रोज बंद करीत असतो तर डिस्क टिकली असती असे नाही. पण एखाद्या सकाळी तिने कुरकुर केली असती आणि मी वेळीच प्रत काढली असती.

म्हणून माझे मत असे. कामाच्या दिवसांत रात्री संगणक निजवावा. झोपेत तो दोन-तीन वॅटच खातो. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या रात्री, 'रीस्टार्ट' करावा आणि त्याच वेळी नव्या गोष्टींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. आणि गावी महिनाभर जाताना पुरता बंद करून प्लगही काढावा. केवळ संगणकासाठी बंद घरात वातानुकूलन चालू ठेवणारे लोक मी पाहिले आहेत!

आमची आजी दिवा विझवला असे कधी म्हणू देत नसे. निजवला म्हणा, म्हणे. करामातल्या वहिनींना हे फोनवर सांगितले, तर त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे भाऊजी, पण आधी आमच्या ह्यांना प्रत काढायला सांगा." मला वाटते, सगळ्या वादात तेवढेच महत्त्वाचे आहे.