पेपर घरी येऊ द्या

दिवाळीच्या सुट्टीत मी लोधिवलीला घरी होतो. नववीतल्या भाचीनं प्रथम सत्राच्या गुणांचा कागद समोर ठेवला. गणित भाग एक, 40 पैकी 14.

"कुठं चुकलं?" मी विचारलं.

"माहीत नाही मामू. पेपर वर्गात दाखवले आणि बेरीज तपासून लगेच परत घेतले."

"सरांनी काही लिहिलं होतं?"

"लाल रेघा होत्या."

बहीण म्हणाली, "अभ्यास कमी पडला, दुसरं काय?" भाचीनं मान खाली घातली. घरात या विषयावर एवढीच चर्चा झाली असती. सुट्टी होती म्हणून मी तिच्यासोबत बसलो आणि बहुपदींची वजाबाकी पुन्हा करायला लावली. अर्ध्या तासात चूक सापडली. कंसाआधी वजाचं चिन्ह असलं की कंसातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलायचं असतं. ही फक्त पहिल्या पदाचं बदलत होती आणि बाकीची तशीच ठेवत होती. जिथं कंस आला तिथं हीच चूक होत होती. पायऱ्या आणि मांडणी ठीक होती. एका चुकीनं तिचे बरेच गुण नेले होते, आणि तिच्या मनात बसलं होतं की आपल्याला गणित येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या कामात रोज चुका होतात. मी लिहिलेला कोड दुसरा सहकारी वाचतो आणि अमुक ओळीत अमुक गडबड आहे असं लिहून परत पाठवतो. मी दुरुस्त करतो, तो पुन्हा पाहतो. त्यानं नुसतं "40 पैकी 14" लिहून माझा कोड कपाटात ठेवून दिला असता, तर कंपनीत त्याला कुणी तपासणी म्हटलं नसतं. पण आपल्या माध्यमिक शाळांत वर्षानुवर्षं याच प्रकाराला मूल्यमापन म्हणतात, आणि आपण पालक त्याखाली सही करतो.

कायद्यानं असं ठरवलं नव्हतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगितलेलं आहे. 2010 मध्ये महाराष्ट्रानं पहिली ते आठवीसाठी ही पद्धत आणली. संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा, हा तिचा एक भाग. दुसरा भाग आकारिक मूल्यमापनाचा: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. शिवाय प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकांनी वर्णनात्मक नोंद करायची. मूल कुठं अडलं आहे हे वर्ष संपण्याआधी कळावं, हा त्यामागचा हेतू होता.

प्रत्यक्षात काय झालं ते शिक्षकांना विचारा, खासगीत सगळे सांगतात. तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात. "अभ्यासात प्रगती आहे", "वाचनाची आवड आहे", "गणिती क्रिया अचूक करण्याचा प्रयत्न करतो". माझ्या भाचीच्या आठवीच्या प्रगतिपुस्तकातली गणिताची नोंद आणि तिच्या मैत्रिणीच्या प्रगतिपुस्तकातली नोंद शब्दशः एकच होती. मैत्रिणीच्या नोंदीतही क्रियापद "करतो" असंच होतं. मुलीची नोंद आहे हेही कुणी पाहिलं नाही.

नववी-दहावीत हा कागदी आधारही जातो आणि उरतो तो 80 आणि 20 चा खेळ. लेखी परीक्षा 80 गुणांची, आणि 20 गुण शाळेच्या हातात. या 20 गुणांवरून मोठी ओरड एकदा झाली होती. मार्च 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले आणि मार्च 2019 चा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळी घसरण या गुणांमुळे झाली असं कुणी म्हणू नये. पण ओरड झाली ती याच गुणांसाठी. त्याच वर्षी ते परत आले आणि मार्च 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द झाली. नववीचे 50, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-गृहपाठाचे 20 असं गणित करून शाळांनी गुण दिले, आणि निकाल 99.95 टक्के लागला.

कोविडच्या वर्षी दुसरा मार्ग नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार ही आहे की या सगळ्या वर्षांत वाद झाला तो गुण किती द्यायचे यावर. त्या 20 गुणांच्या निमित्तानं शाळा मुलाला काय सांगते, हा प्रश्न कुणी लावून धरला नाही. सगळ्यांना 18, 19 वाटले की मुख्याध्यापक खूश, पालक खूश. मुलाला मात्र काहीच कळलेलं नसतं.

याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या घरी पैसे आहेत, त्याचा क्लासचा सर शेजारी बसवून चूक दाखवतो. म्हणजे शाळेनं फुकट द्यायची गोष्ट तो बाहेरून विकत घेतो. ज्याचा बाप पाताळगंगेच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातो, त्याला फक्त आकडा मिळतो. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी घरांत आई उर्दू वाचते पण मराठी शेरा तिला वाचता येत नाही. खालापूर-कर्जतच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्यांच्या मुलांसाठी प्रथम सत्राचा पेपर हाच बहुधा शेवटचा हातात आलेला पेपर. तोही कपाटात गेला, तर एप्रिलच्या निकालपत्रकाचा त्या मुलाला काय उपयोग?

उत्तरपत्रिका मुलाची आहे, ही काही माझी कल्पना नाही. 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत मिळवण्याचा हक्क आहे. आपलं राज्य मंडळही शुल्क घेऊन दहावीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं. मग नववीच्या चाचणीचा पेपर घरी न्यायला बंदी कशासाठी? "रेकॉर्डला लागतो" हे उत्तर मी ऐकलं आहे. आठ दिवस घरी द्या, पालकाची सही घ्या आणि परत जमा करा. रेकॉर्ड शाबूत राहील.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: शिक्षकांना वेळ कुठं आहे? एका वर्गात साठ मुलं, रिक्त पदं, निवडणुकीची कामं, रोज नवी ऑनलाइन माहिती भरायची. हे मला मान्य आहे आणि म्हणून हा लेख शिक्षकांविरुद्ध नाही. पण शिक्षक पेपर आजही तपासतातच. प्रश्न वेळ कुठं खर्च होतो याचा आहे. 1988 मध्ये रूथ बटलर यांनी शाळकरी मुलांचे तीन गट करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त लेखी शेरे, तिसऱ्याला दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेली मुलं गुणच पाहत राहिली. आमच्या भाचीलाही आपला 14 पाठ होता, चूक माहीत नव्हती.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, प्रत्येक तपासलेला पेपर आठ दिवस घरी यावा. दोन, सत्रात निदान एका पेपरवर प्रत्येक मुलासाठी दोन ओळी असाव्यात: काय जमलं आणि पुढं नेमकं काय करायचं. तीन, परीक्षेनंतर प्रत्येक विषयाचा एक तास फक्त चुकांसाठी ठेवावा. साठ मुलांच्या चुका साठ प्रकारच्या नसतात, पाच-सहा प्रकारच्या असतात, त्या फळ्यावर सोडवता येतात. चार, 20 गुण कशाचे किती दिले, हे मुलाला सांगावं. यातल्या एकालाही वेगळा निधी लागत नाही.

आता आपल्याबद्दल. दरवर्षी जून-जुलैत आपल्याच संस्था गुणगौरव समारंभ घेतात. 80 टक्क्यांच्या वर असलेल्यांना ट्रॉफी, शाल, फोटो. मीही असा एकदा मंचावर बसलो आहे, भाषणही केलं आहे. 38 टक्के मिळवणारा मुलगा त्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. त्याचा पेपर आपल्यापैकी कुणी वाचला होता का? शाळेनं मुलाला आकडा बनवलं म्हणून ओरडायचं आणि आपण त्याच आकड्यावर शाल पांघरायची, हे बरोबर नाही. ट्रॉफीचे पैसे थोडे कमी करा. समाजात शिकलेली मुलंमुली आहेत, इंजिनिअर आहेत, बीएड झालेल्या मुली घरी बसून आहेत. सत्र परीक्षेनंतर एक रविवार त्यांनी मोहल्ल्यातल्या मुलांचे पेपर घेऊन बसावं. बाजूच्या वाडीतल्या मुलांनाही बोलवावं.

पण त्यासाठी पेपर घरी आला पाहिजे. पुढच्या पालकसभेत चहा-बिस्किटं झाल्यावर सही करण्याआधी एवढंच विचारा: "सर, पेपर कुठं आहे?" एकट्यानं विचारलंत तर टाळतील. दहा जणांनी मिळून विचारा.

भाचीनं दुसऱ्या सत्रापासून कंसाच्या आत प्रत्येक चिन्हाखाली पेन्सिलीनं टिंब द्यायचं ठरवलं आहे. हे तिला सप्टेंबरमध्येच कुणीतरी सांगू शकलं असतं.