पहिली गिटार

घरांतील एखादें मूल गिटार शिकूं म्हणालें कीं वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हौस चार दिवसांची. मिळेल ती स्वस्त आणावी. दुसरा म्हणतो, आणावयाची तर उंचीच आणावी, नाहीं तर मुळींच नको. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच अमान्य आहेत. रक्कम बेताची असली तरी ती कोठें घालावी हें ज्यास कळलें, त्याचें काम भागतें.

सतारीप्रमाणें गिटारीचाहि आवाज मुख्यतः तबलींतून, म्हणजे जिच्यावर घोडी बसविलेली असते त्या समोरच्या पातळ फळींतून, निघतो. स्पेनमधील विख्यात कारागीर आंतोनियो दे तोर्रेस यानें १८६२ सालीं पाठ व बाजू पुठ्ठ्याच्या आणि तबली तेवढी लाकडाची अशी एक गिटार मुद्दाम करून हें तत्त्व दाखवून दिलें. तें वाद्य बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत आहे. तेव्हां शिंपल्याची नक्षी व झगझगीत रोगण यांवर पैसा घालूं नये. जमल्यास तो अखंड लाकडाच्या तबलीवर घालावा. तेवढी ऐपत नसल्यास थर चिकटवून केलेल्या तबलीचीहि लाज नको. तिचा आवाज थोडा कोंदट असला तरी कोंकणच्या पावसाळ्यांत ती अधिक निभावते.

तारांचे प्रकार दोन. पूर्वीं जेथें आतड्याची तात लावीत, तेथें दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची तार आली. ती बोटांस मऊ लागते, मात्र त्या गिटारीची दांडी वरच्या टोकास सुमारें ५२ मिलिमीटर रुंद असते. पोलादी तारांच्या गिटारीची दांडी बहुधा ४३ मिलिमीटरांच्या आसपास, पण तारा बोटांस कांचतात. लहान मुलास लहान मापाची नायलॉनची गिटार द्यावी. तिच्यावर पोलादी तारा मात्र कधींहि चढवूं नयेत. त्यांच्या ताणानें घोडी उखडते.

दुकानांत तीन परीक्षा कराव्या. पहिली, बाराव्या पडद्यावर जाड तार किती उंच आहे ती. पोलादी तार अडीच व नायलॉनची चार मिलिमीटरांहून फार वर असल्यास नवशिक्याचीं बोटें दुखून येतात. दुसरी, सुटी तार छेडावी व मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. दुसरा स्वर पहिल्याच्या नेमका वरच्या सप्तकांतला निघाला पाहिजे. तिसरी, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून कोठें खरखर होते काय तें ऐकावें. घरांत पेटी-तंबोऱ्यावर कान तयार झालेली आजी किंवा काकू असेल तर तिला अवश्य बरोबर न्यावें. तिनें गिटार कधीं हातीं धरली नसली तरी बेसूर तिच्या कानांतून सुटावयाचा नाहीं.

ठरविलेली सगळी रक्कम वाद्यावरच खर्चूं नये. कांहीं भाग नव्या तारांसाठीं व कारागिराकडून तारांची उंची बसवून घेण्यासाठीं राखावा. तंबोऱ्याची जवारी काढून घेण्यांत जसा कोणी वायफळ खर्च मानीत नाहीं, तसाच हा खर्च समजावा. साधी गिटार नीट बसवून घेतली तर ती न बसविलेल्या महाग गिटारीपेक्षां नवशिक्यास अधिक उपयोगी पडते.

हा सारा खटाटोप केवळ पैशासाठीं नव्हे. उंच तारांची, बेसूर गिटार हातीं आलेलें मूल महिन्या-दोन महिन्यांत ती कोपऱ्यांत ठेवतें, आणि ‘आम्ही म्हणतच होतों’ असा निकाल घरांत लागतो. मुलासहि तो खरा वाटूं लागतो व पुढें कोणतेंहि वाद्य मागण्याचा त्यास संकोच होतो. म्हणून मुलाच्या चिकाटीस बोल लावण्यापूर्वीं वडिलांनीं त्या तारा एकदां आपल्या बोटांनीं दाबून पाहाव्या, एवढीच आमची विनंती आहे.