शहरात थंड, महामार्गावर तप्त

दुकान, बाजारपेठ आणि घर या फेऱ्यांत वर्षभर निमूटपणे धावणारी आमची गाडी नेमकी तीर्थयात्रेला निघाल्यावर तापली. गेल्या पौषात आम्ही पुण्याहून कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री निघालो होतो. सोबत आई होती. तिचा सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम, आणि हिवाळ्यातला दिवस आखूड. साताऱ्यापुढे सपाट रस्त्यावर वेग ९० च्या वर गेला की तापमानाचा काटा चढू लागे. ६० वर आणला की काही मिनिटांत उतरे. बाहेर तर हवा गार होती. अखेर कराडपुढे गाडी रस्त्याकडेला घेतली, आईने डब्यातील दशम्यांवर तिथेच भोजन उरकले, आणि क्षेत्रावर पोहोचायला आम्हांला रात्र झाली.

परतल्यावर एका मेकॅनिकने रेडिएटरचा पंखा बदलून दिला. पैसे गेले, दोष राहिला. थोडा विचार केला असता तर तो खर्च टळला असता. पंख्याचे काम गाडी उभी असताना किंवा संथ चालताना असते. ९० च्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. पंखा बिघडला असता तर गाडी लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत तापली असती. महामार्गावरच तापते याचा अर्थ उष्णता अधिक निर्माण होते आहे आणि पाणी किंवा वारा यांपैकी एकाचा प्रवाह तिला पुरा पडत नाही. हवेचा विरोध कापण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ६० वरून ९० वर जाताना ती तिपटीहून अधिक होते.

प्रथम वाऱ्याची वाट पाहावी. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोहोंमधील फटीत धूळ, कापसाचे तंतू व कीटक दाटून बसतात. (रात्रीचा प्रवास टाळा, असे आपली वडीलधारी मंडळी का सांगतात, ते ही जाळी एकदा पाहिल्यावर निराळे समजावून सांगावे लागत नाही.) बंपरखालची प्लास्टिकची पट्टी गतिरोधकाला घासून तुटली असेल तर तीही बसवून घ्यावी. ती नसल्यास वारा रेडिएटरमधून न जाता खालून निसटतो. ही पट्टी शोभेची आहे असे समजून ती काढून टाकणारे मी अनेक पाहिले आहेत.

मग पाण्याची वाट. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल तर शहरापुरता प्रवाह मिळतो, महामार्गापुरता मिळत नाही. तो काढून पातेल्यातील पाण्यात तापवला की कितपत उघडतो ते दिसते. रेडिएटरच्या खालच्या होजकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पंप तेथून पाणी ओढतो. रबर मऊ पडले असेल तर इंजिनचे फेरे वाढताच होज आत चेपतो आणि फेरे उतरताच पूर्ववत होतो. म्हणून उभ्या गाडीत सारे ठीक दिसते. दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून, हात दूर ठेवून पाहावे. टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा कूलंट गळतीविना घटत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी चालवू नये.

आमच्या गाडीत होज ठीक निघाला. दोष रेडिएटरच्या आत होता. दुसऱ्या मेकॅनिकने तापमापक यंत्र जाळीवरून फिरवले तेव्हा मधला मोठा भाग कडेपेक्षा बराच थंड लागला. म्हणजे तेथून पाणी वाहतच नव्हते. कारण आमचेच. कूलंटचा खर्च वाचवण्यासाठी आम्ही कित्येक वर्षे बोअरचे पाणी भरत आलो होतो, आणि त्यातील क्षारांनी नळ्या बुजल्या होत्या. शहरातील थोड्या उष्णतेला उरलेल्या नळ्या पुरत होत्या. वाचवलेल्या कूलंटच्या अनेक पटींनी किंमत नव्या रेडिएटरला मोजली.

वाटेत काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, वेग उतरवावा. तरीही न उतरल्यास थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांहूनही अधिक तापलेले असते. झाकण सैल होताच ते उसळून हातातोंडावर येते. नव्या अनेक गाड्यांत काटाच नसतो, केवळ तांबडा दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.